फांदीसकट

४ फेब्रुवारी

नमस्कार.

‘सप्रेम’ हा शब्द वापरण्याचा हक्क आपण दोघांनी वकिलांच्या देखत सोडून दिलेला असल्यामुळे नुसता नमस्कार पुरेसा मानावा.

कामाचे लिहिते. मे महिन्याच्या अखेरीस मी संस्थेतून निवृत्त होते आहे. त्याच सुमारास आमरीगृह, तुमच्या भाषेत ऑर्किड-हाऊस, पाडले जाईल, कारण नव्या संचालकांना त्या जागी वाहनतळ हवा आहे. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे पदवीधर आहेत असे म्हणतात. परवा पाहुण्यांना फिरवत असताना त्यांनी टांगलेल्या डेंड्रोबियम जातीच्या आमरीकडे बोट दाखवून ‘हे एक प्रकारचे बांडगूळ’ असे सांगितले. मी पाहुण्यांदेखतच त्यांना दुरुस्त केले. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवून त्याचा रस पिते. आमरी झाडाला फक्त धरून राहते. तिचे पाणी पावसाचे आणि दवाचे, तिचे अन्न सालीच्या भेगांत साचलेल्या पाचोळ्याचे. आधार घेणे आणि रस पिणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हाती संस्था द्यावी, हे मला मान्य नाही. माझे सहकारी म्हणतात की निर्णय बदलण्याची उरलीसुरली शक्यता त्या दुपारी संपली.

शोभेच्या संकरित जाती मागून नेणारे पुष्कळ आहेत. रानातल्या जातींना मात्र कोणी विचारत नाही. कुणाचे फूल तांदळाच्या दाण्याएवढे, तर कुणाला निम्मे वर्ष पानच नसते. तुमच्या वेलदोड्याच्या बागेत सावलीसाठी राखलेली जुनी झाडे आहेत. आपल्या संसारात वाटणी ठरलेली होती: झाडे तुमची, झाडांवरचे माझे. त्याच वाटणीच्या आधारे मी तुमच्याकडे फांद्या मागते आहे. मला त्या मागायला आवडत नाहीत, हे वेगळे लिहायला नको.

पावसाच्या तोंडावर आमरीला नवी मुळे फुटतात, आणि ती फुटत असतानाच ती नव्या झाडाला धरते. ती वेळ हुकली की वर्षभर नुसती दोरीवर लटकते. म्हणून मेअखेर सगळे झाडांवर बांधून झाले पाहिजे. त्याआधी प्रत्येक झाडाची, आपोआप सुटलेली, तळहाताएवढी साल पाठवावी. मागे झाडाचे नाव आणि साल कोणत्या दिशेची ते लिहावे. जिवंत साल सोलू नये, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही, तरी सांगते.

आमरीगृहाला लागून असलेले हे निवासस्थानही पाडणार आहेत. मी दुसरी जागा पाहिली आहे.

तुमच्या मातोश्री, म्हणजे कायद्याने आता माझ्या कोणीच नसलेल्या माझ्या सासूबाई, बऱ्या आहेत. तुमच्यासाठी त्यांचा काही निरोप नाही.


२७ फेब्रुवारी

नमस्कार.

सालींचे खोके मिळाले. आत चिठ्ठी नव्हती, म्हणजे तुम्ही बदलला नाहीत. अक्षरही तेच आहे. ‘ईशान्य’ आणि ‘नैर्ऋत्य’ यांतला फरक ठरवायला भिंग घ्यावे लागले.

फणस उत्तम. खरखरीत, सहजी न सुटणारी साल, भेगांत ओल धरते पण पाणी साठू देत नाही. सीतेची वेणी आणि वांदा या आमऱ्या फणसावरच बांधाव्यात. त्या एकाच शेंड्याने वर वर जातात, तेव्हा त्यांना वर सरळ बुंधा हवा. आंबा चालेल. जांभळाची साल मला संशयास्पद वाटते. तुम्ही खालच्या, दमट अंगाची काढली असणार. निलगिरी तुम्ही मला चिडवायला पाठवली आहे असे धरून चालते. दरवर्षी अंगावरची साल सोडून देणाऱ्या झाडाला कोण धरून राहील?

खोके उघडे असतानाच आई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. एकेक साल उचलून नाकाशी नेली.

“हा काय खाऊ आलाय?”

“झाडांच्या साली आहेत.”

“ते दिसतंय मला. आंधळी नाही झाले अजून. कुणी पाठवल्या?”

“तुमच्या मुलाने.”

“कोण मुलगा?” असे म्हणून त्यांनी फणसाची साल उचलली आणि आपल्या उशीखाली ठेवून दिली. मी नमुना परत मागितला. अजून मिळालेला नाही.

मग त्यांनी मागच्या पत्राची माझ्याकडची प्रत मोठ्याने वाचायला लावली. “‘पाठवावी’, ‘लिहावे’, ‘मानावा’! तो तुझा नवरा होता की कुलगुरू?”

“आता दोन्हीही नाहीत.”

“कॉलेजात असताना आमच्या दारात उभी राहून ‘ए, येतोस का रे’ म्हणून ओरडायचीस. तेव्हा बरं होतं.”

तुम्ही डोंगरावर निघालात त्या दिवशी त्यांची पेटी गाडीत चढली होती, आणि त्या मात्र “घर मोडलंस ते मोडलंस, सून मोडू देणार नाही” असे सांगून परत आत येऊन बसल्या, हे तुम्ही विसरला नसालच. तेव्हापासून तुमचा फोन आला की त्या कानातले यंत्र काढून टेबलावर ठेवतात. यंत्र काढतात, पण उठून मात्र जात नाहीत. निरीक्षण म्हणून नोंदवते.

हल्ली त्या आमरीगृहाच्या पायऱ्या उतरत नाहीत. ऊन सोसत नाही म्हणतात. एरवी बऱ्या आहेत.

पहिली खेप पुढच्या आठवड्यात पाठवते.


१९ मार्च

तुमचे कार्ड मिळाले. संपूर्ण मजकूर असा: ‘काटक्या पोचल्या. झाडे केव्हा?’

मी ज्या डेंड्रोबियम रानोमाळ हिंडून, पडलेल्या फांद्यांवरून उचलून आणल्या, जपल्या, ज्यांच्या मुळांना ओल्या शेवाळाऐवजी मुद्दाम कोरड्या कागदात गुंडाळले, त्यांना तुम्ही काटक्या म्हणता? फुलून झालेल्या, पाने गाळलेल्या डेंड्रोबियमचे खोड असेच दिसते. करडे, सुरकुतलेले, चुलीत घालावे असे. ते मेलेले नाही. पावसाळ्यात साठवलेले पाणी आत धरून ते कोरडा काळ काढते. जमिनीतल्या आमऱ्या तर त्याहून पुढे जातात. पाऊस सरला की वर नावालाही उरत नाहीत, मातीखाली एक कंद तेवढा असतो. वर काही दिसत नाही म्हणून आत काही नाही, असा निष्कर्ष वनशास्त्राची पदवी असलेल्या माणसाने काढावा याची मला...

इथवर लिहिले आणि रागाच्या भरात कार्ड आईंना वाचून दाखवले. त्या हसायला लागल्या.

“अगं, चेष्टा करतोय तो तुझी!”

“यात चेष्टा कुठे आहे?”

“त्याला कळत नसेल होय? झाडावर वाढलेलं पोर ते. मी जीव तोडून काहीतरी सांगायची आणि हा चेहरा दगडासारखा करून असंच काहीतरी विचारायचा. मी आणखी चिडायची. तुझंही तेच. एवढी शिकलीस, पण तुला चिडवणं किती सोपं आहे गं!”

त्या इतक्या हसल्या की खोकला आवरेना. पाठीला उशी देऊन बसवावे लागले, आणि डॉक्टरीणबाई सहज येऊन गेल्या. काळजीचे कारण नाही.

वरचा मजकूर खोडत नाही. चेष्टा असली तरी माहिती अचूक आहे.

आता एक गोष्ट लिहिते, कारण ती शास्त्रीय महत्त्वाची आहे. आईंच्या पलंगाशेजारच्या खिडकीत तुम्ही जाण्यापूर्वी मी एक डेंड्रोबियम, तिच्या तुटक्या फांदीसह, टांगून ठेवली होती. ती एकदाही फुललेली नाही. दरवर्षी फुलांच्या जागी खोडावर पिल्ले धरते, छोटी छोटी रोपे, मुळांसकट. मी दोष खिडकीतल्या प्रकाशाला देत आले. एका वर्षी प्रकाश मोजण्याचे यंत्रही आणून लावले. काल दुपारी पाहिले, तर आई आपल्या पेल्यातले उरलेले पाणी तिच्यावर ओतत होत्या.

“काय करता आहात?”

“पाणी घालतेय. सुकून चाललंय बिचारं.”

“ती झोपली आहे, आई. या दिवसांत तिला पाणी द्यायचे नसते.”

“तुला कुणी सांगितलं? तिनं?”

मी समजावून सांगितले की कोरडेपणाचा ताण बसल्याशिवाय तिला कळ्या धरत नाहीत. पाणी मिळत राहिले की ती फुलायचे सोडून पिल्ले काढत बसते.

“मग बरंच की. फुलं चार दिवस दिसणार. पिल्लं राहतात. बघ, खिडकी कशी भरून गेलीये.”

जो विषय मी आयुष्यभर वर्गात शिकवला, तो माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे, पेल्याने मोडीत निघत होता.


११ एप्रिल

नमस्कार.

मागच्या पत्रात खोकला हा शब्द एकदाच आला होता, आणि तोही मी दोन गोष्टींच्या आड ठेवला होता. तुम्ही पानभर शास्त्र सोडून नेमके तेच उचललेत. ‘आईला काय झाले आहे ते सरळ लिही.’ बरे. सरळ लिहिते.

आईंचे हृदय थकले आहे. औषधाने ते आहे तसे राहील, सुधारणार नाही. सपाट जमिनीवर त्या हळूहळू चालतात. पायऱ्या चढायच्या नाहीत, असे डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोर नव्हे, मला बाहेर नेऊन सांगितले. आई आतून ओरडल्या, “मोठ्यानं बोला, मलाही कळू दे!” तेव्हा त्यांना ठाऊक आहे. तुम्हाला लिहायचे नाही, अशी त्यांनी मला ताकीद दिली होती. ती मी आज मोडते आहे. तुम्ही विचारल्यावर खोटे लिहिणे मला जमणार नाही. जमले असते, तर ‘बऱ्या आहेत’ हे शब्द मला पुन्हा पुन्हा लिहावे लागले नसते.

मी पाहिलेली जागा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. तळमजल्याची जागा मी फेब्रुवारीपासून शोधते आहे. एके ठिकाणी घरमालक म्हणाले, म्हातारे माणूस नको. दुसऱ्या ठिकाणी झाडे नकोत. तिसऱ्या ठिकाणी न्हाणीघरात शिरायलाच तीन पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावर आईंना एकदा खुर्चीत बसवून वर नेले की त्या पुन्हा खाली येणार नाहीत. त्यांना झाडे दिसणार नाहीत, रस्ता दिसणार नाही. मला ते पाहवणार नाही.

तुमचे घर बैठे आहे. त्यांना न्याल का?

मी त्यांना अजून विचारलेले नाही. जागा बदलताना त्यांचे कसे करावे, ते इथेच लिहून ठेवते. आल्या आल्या त्यांना सगळ्या बागेतून फिरवून दमवू नये. पलंग खिडकीशी ठेवावा. सकाळचे ऊन चालते, दुपारचे नाही. त्यांच्या वस्तूंची जागा त्यांनी स्वतः ठरवावी. औषध विसरल्या असे त्या म्हणतील, पण विसरलेल्या नसतात. तुम्ही आठवण करता की नाही ते पाहतात. रोज थोडे बोलावे, उत्तर मिळाले नाही तरी. सुरुवातीचे काही दिवस त्या चिडचिड करतील. मुळे धरेपर्यंत असे होते.

वाचून पाहिले तर हे आमऱ्यांच्या सूचनांसारखे झाले आहे. दुसऱ्या तऱ्हेने लिहायला मी शिकलेली नाही.


३ मे

नमस्कार.

खोलीबद्दल आणि उंबरा काढून केलेल्या उताराबद्दल वाचले. उताराला हात धरायला कठडा लावल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. लावावा.

आईंना आज सांगितले. शब्द आधी जुळवून ठेवले होते. डॉक्टरांचा सल्ला, जागेची अडचण, तुमची तयारी, असे क्रमाने. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि यंत्र कानातच ठेवले.

“झालं तुझं व्याख्यान?”

“झाले.”

“मग त्या सुताराला आत बोलाव. बाहेर ताटकळत उभा आहे बिचारा.”

सुताराला मी खिडकीसाठी बोलावले होते. ती डेंड्रोबियम आता टांगलेल्या फांदीवर राहिलेलीच नाही. मुळे फांदीवरून उतरून खिडकीच्या लाकडी दारावर पसरली आहेत, फटींत शिरली आहेत, बिजागरीपर्यंत पोचली आहेत. ते दार आम्ही किती वर्षे लावलेलेच नाही. पावसात बाहेरून ताडपत्री बांधतो. सुताराने पटाशी काढली. “बाई, हळूहळू सोडवून देतो वरचं झाड.”

मी ओरडले. धरलेले मूळ सोडवता येत नाही. ते सालीत, लाकडात इतके बसलेले असते की ओढले तर मूळच सोलून निघते, आणि वर दिसायला धडधाकट असलेले रोप पुढच्या उन्हाळ्यात जाते. मी त्याला म्हटले, जुनी आमरी हलवायची तर तिला सोडवायचे नसते. ज्या फांदीला तिने धरले आहे, ती फांदीच सोबत कापून न्यायची असते. तुम्ही हे दार बिजागरीतून काढा. दारासकट जाईल.

मग पलंगावरून आवाज आला.

“ऐकलंस ना स्वतःचं? तिला न्यायचं तर दारासकट. आणि मला मात्र पटाशी लावून एकटीला पाठवतेस.”

सुताराने पटाशी पिशवीत घातली आणि “मी चहा पिऊन येतो” म्हणून निघून गेला. मी आईंना सांगितले की तुलना शास्त्रीयदृष्ट्या सदोष आहे. त्या म्हणाल्या, “असू दे सदोष.” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवल्या नाहीत. फणसाची साल उशीखालून काढून माझ्या टेबलावर ठेवलेली आढळली.

हे पत्र इथेच थांबवते. पुढचे वाक्य मला नीट मांडता येत नाही.


५ मे

ऐक.

ही चौथी वेळ आहे. आधीचे तीन मसुदे भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते, ते फाडले.

आई तुझ्याकडे यायला तयार आहेत. मी आले तरच. तसे त्यांनी शब्दांत म्हटलेले नाही. काल सकाळी मी त्यांना विचारले, “मी तिथे काय म्हणून राहू?” तर म्हणाल्या, “माझी म्हणून राहा. त्याचं काय ते तो बघेल.” मग थोड्या वेळाने, “एवढी मोठी बाग आहे त्याची. तुम्ही दोघं दोन टोकांना राहा आणि मधून भांडत जा. निदान मला ऐकू तरी येईल.”

तेव्हा मागते. आईंची खोली झाली आहे. मला आणखी एक हवी. मी तुझी बायको म्हणून येत नाही. ते आपले झाले, आणि त्या बाबतीत मी माझे मत बदललेले नाही, तूही बदललेले नसशील. मी तुझ्या आईची सून म्हणून येते, कारण ते एक नाते कोणत्याच कागदावर कोणी संपवलेले नाही. शिवाय आमऱ्यांवर कोणाची तरी देखरेख लागेलच. तू त्या प्रेमाने भिजवून मारशील, ते तुझ्या घराण्यातच आहे.

फेब्रुवारीत मी तुझ्याकडे फांद्या मागितल्या, एप्रिलमध्ये आईंसाठी खोली मागितली. दोन्ही वेळा मला वाटले की मी दुसऱ्यांसाठी मागते आहे, म्हणून मान ताठ ठेवून मागता येते आहे. हे स्वतःसाठीचे मागणे आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या जागेत मी एकटीनेही राहून पाहिले, मनातल्या मनात. टेबल लावले, दिवा लावला. “काय लिहितेस?” म्हणून विचारणारे कोणी नव्हते. मला ती जागा नको आहे.

तुला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. कारणे लिहू नकोस; तुझी कारणे मी दुरुस्त करायला लागेन. हो असेल तर फणसाची साल पाठव, नाही असेल तर निलगिरीची. मी समजेन, आणि तशी तयारी करेन.

खिडकीचे दार मात्र तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. ते कोणत्याही परिस्थितीत तुझ्याकडे येईल. पिल्लांसकट.


१९ मे

साल आली नाही. पाकिटातून दोन दोऱ्या निघाल्या.

एकीला गाठी मारून चिठ्ठी बांधलेली: ‘आईच्या खोलीची खिडकी. दार बसते का बघ.’ दुसरीची चिठ्ठी एका शब्दाची: ‘टेबल.’

मी टेबल आणणार, हे मी कोणत्याही पत्रात लिहिलेले नव्हते. दोरी टेबलाच्या कडेला लावून पाहिली. दोन्ही बाजूंना खुर्ची सरकवण्यापुरती जागा सोडून भिंत मोजली आहेस. खुर्ची मी डावीकडून ओढते, म्हणून त्या बाजूला वीतभर जास्त, हेही धरले आहेस. त्यानंतर मला थोडा वेळ चष्मा पुसावा लागला. आईंनी विचारले, “काय झालं?” मी म्हटले, माप बरोबर आहे.

मग त्यांनी आपल्या पेटीचे कुलूप काढायला सांगितले. तुझ्या गाडीतून उतरवून आणलेली तीच पेटी. त्यांचा निरोप आहे, इतक्या वर्षांत पहिला, म्हणून त्यांच्याच शब्दांत देते: “त्याला सांग, मी बोलणार नाही. पण समोर बसेन.”

मोठी खेप उद्या निघते आहे. खोकी उभी ठेवावीत, बाण वरच्या दिशेला आहेत. आम्ही येत्या रविवारी निघू. आई पुढच्या सीटवर, दार मागे चादरीवर आडवे, आणि मी त्याला धरून. बिजागरीवरून दार काढताना मुळांचा एकही पापुद्रा निघाला नाही. सुतार स्वतःवर इतका खूश झाला की त्याने मला दोनदा पाहायला बोलावले. बुडाशी नवी मुळे फुटू लागली आहेत, टोके हिरवी आहेत. म्हणजे वेळ बरोबर साधली आहे.

एकच दोष. तुझी खिडकी दाराला दोन बोटे कमी पडते आहे. सुतार म्हणाला, “कडेनं रंधा मारून देतो बाई, कुणाला कळणार पण नाही.” मी त्याला रंधा खाली ठेवायला लावला, त्या कडेलाच सगळी जुनी मुळे आहेत.

दार आहे तसे येईल. तू चौकट वाढव.